तीन मुक्काम, एक वही : हिंगोली जिल्ह्यातली स्वस्त सहल आणि पुराव्याचा प्रश्न



पेट, नेट किंवा सेटची तयारी करणारे बरेच जण मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. "ताई, रिसर्च मेथडॉलॉजीचं पुस्तक पाठ झालं. प्राथमिक साधनं, दुय्यम साधनं, गृहीतक, सगळं लिहिता येतं. पण हे प्रत्यक्षात करायचं कसं? आमच्या गावात ना अभिलेखागार, ना मोठी लायब्ररी."

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. माझी पीएचडी भौतिकशास्त्रात, थिन फिल्म्सवर चालू आहे. पण पुरावा कशाला म्हणायचं, हा प्रश्न प्रयोगशाळेत आणि इतिहासात सारखाच असतो. म्हणून आज पुस्तक बाजूला ठेवून तुम्हाला एक सहल सुचवते. तीन रात्री, घरची माणसं, शेतातला मुक्काम आणि हिंगोली जिल्ह्यातली तीन ठिकाणं : औंढा नागनाथ, नर्सी नामदेव आणि खुद्द हिंगोली शहर. आम्ही ही सहल जानेवारीत केली. खर्च फार नाही, आणि परत येताना वहीत जे साठतं ते कुठल्याही गाईडबुकात मिळत नाही.

आधी खर्चाचं गणित

सहल म्हटलं की हॉटेल आणि भाड्याची गाडी डोळ्यांसमोर येते, आणि तिथेच बेत मोडतो. दोन्ही वगळा. एसटीने जा आणि शेतात राहा.

आम्ही पाच जण होतो. बाबा, आई, ७८ वर्षांची आजी, मी आणि १० वर्षांचा भाचा. आता तिकिटं मोजा. बाबांचं पूर्ण. आईचं आणि माझं अर्धं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहे. आजी फुकट, कारण ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे (ओळखपत्र मात्र जवळ ठेवा, कंडक्टर मागतो). भाच्याचं अर्धं. म्हणजे पाच माणसं, अडीच तिकिटं.

राहायला एका ओळखीच्यांचा आखाडा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या परभणी-हिंगोली-नांदेडकडे आखाडा म्हणजे कुस्तीचा हौदच नव्हे. शेतातल्या घराला, गोठ्याला, जिथे अवजारं आणि जनावरं राहतात त्या जागेला आम्ही आखाडा म्हणतो. आजी आणि आई आत झोपल्या. बाकीच्यांसाठी चार बांबू, एक ताडपत्री, खाली कडबा आणि त्यावर गोधड्या. विकतचा तंबू असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. तीन दगडांची चूल, ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. पौषात गेलात तर हुरडा. शेजारी हळदीची पानं पिवळी पडायला लागलेली असतात, पहाटे दव इतकं पडतं की ताडपत्री खालून ओली होते, म्हणून कान झाकून झोपा.

दोन नियम पाळा. एक, शेतमालकाची परवानगी घ्या आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घाला. दोन, सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या पाण्याच्या अगदी काठाला मुक्काम टाकू नका. पाणी लांबून बघायला पुरेसं छान दिसतं.

मुक्काम हा शब्दच घ्या

'मुक्काम' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि इतका रुळला की आपण पत्रावर 'मु. पो.' लिहिताना त्याचा विचारही करत नाही. मोटारी येण्याआधी या भागातला सगळा प्रवास मुक्कामांनी मोजला जायचा. वऱ्हाडातून दख्खनेत उतरणारे व्यापारी, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे लमाणांचे तांडे, पलटणी, वारकरी, सगळे दिवसा चालायचे आणि संध्याकाळी पाणी आणि झाडं पाहून थांबायचे. हा प्रकार अजून संपलेला नाही. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी दर वर्षी आषाढीआधी याच जिल्ह्यातून पायी जाते. नर्सी आणि औंढा तिच्या वाटेवर आहेत. म्हणजे 'स्वस्तात, घरच्यांसोबत, उघड्यावर राहून जुनी ठिकाणं बघणे' ही कल्पना आपल्याकडे कुणी परदेशातून आणलेली नाही.

हिंगोली जिल्हा तसा वयाने लहान. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. पण जागा जुन्या आहेत. आता एकेक मुक्काम घेऊ.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा : 'पाहिलं', 'ऐकलं', 'वाचलं'. सहलीत जे काही समोर येईल ते यातल्या एकाच रकान्यात लिहायचं. बस, एवढीच पद्धत. पुढे दिसेल की एवढ्यावरही बरंच काम होतं.

पहिला दिवस : औंढ्याची भिंत

औंढा नागनाथला लोक दर्शनाला जातात. तुम्हीही घ्या. गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं. पण बाहेर आल्यावर लगेच प्रसादाच्या दुकानाकडे वळू नका. मंदिराला सावकाश एक फेरी मारा आणि नजर खालून वर न्या.

खालचा भाग काळ्या दगडाचा, मूर्तींनी आणि नक्षीच्या थरांनी भरलेला. वर गेलात की दगड संपतो आणि विटा-चुन्याचं, वेगळ्याच घडणीचं बांधकाम सुरू होतं. शिखर आणि पाया एका काळाचे नाहीत, हे सांगायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. भाच्याने ते आधी ओळखलं. "मावशी, हे वरचं नंतर लावलंय का?" हे वाक्य 'पाहिलं'च्या रकान्यात जाईल.

'ऐकलं'च्या रकान्यात काय जाईल? मूळ मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं, अहिल्याबाई होळकरांनी दुरुस्त केलं. तिथे हे सगळे सांगतात, आणि ते खरं असूही शकतं. पण लक्षात घ्या, भिंत तुम्हाला एवढंच सांगते की खालचं जुनं आहे आणि वरचं नंतरचं आहे. कोणी पाडलं, कोणी बांधलं, हे भिंत सांगत नाही. त्यासाठी शिलालेख, सनद, हिशेबाचा कागद असं काहीतरी वेगळं हवं. निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांच्यामधली ही फट दिसायला लागली की अर्धी मेथडॉलॉजी समजली.

आता दुसरा शब्द : 'हेमाडपंती'. महाराष्ट्रात कुठलंही काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण हा शिक्का मारतो. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा उल्लेख आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी त्या देवळालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. तेव्हा हा शब्द शैलीचा अंदाज देतो, तारीख देत नाही. औंढ्याच्या खालच्या भागाला यादवकालीन म्हणतात. ते तुम्ही नावावरून नाही, तर नक्षी, खांब आणि मांडणी यांची तारीख माहीत असलेल्या दुसऱ्या देवळांशी तुलना करून ठरवायचं.

अजून एक गोष्ट नोंदवा. बारा ज्योतिर्लिंगांतलं नागेश कोणतं? औंढेकर म्हणतील औंढ्याचं. गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर तेच सांगतं, आणि उत्तराखंडातलं जागेश्वरही. यात खरं कोण, हे ठरवायला तुम्ही गेलेले नाही. संशोधकाचा प्रश्न वेगळा असतो : हा दावा कुठे कधीपासून सापडतो, आणि तो कोण करतं? श्रद्धेचा निकाल लावणं आपलं काम नाही. दाव्याचा इतिहास लिहिणं मात्र आहे.

दुसरा दिवस : नर्सी, आणि दोन साक्षीदार

औंढ्याच्या देवळात नंदी नेहमीच्या जागी, समोर नाही. मागच्या बाजूला आहे. का, म्हणून विचारा. तिथलं लहान पोरसुद्धा सांगेल : नामदेव महाराज दारात कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हाकललं, ते देवळाच्या पाठीमागे जाऊन कीर्तन करायला लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी तिथेच राहिला.

ही कथा वहीत घेऊनच नर्सीला जा. हिंगोलीपासून जवळ, कयाधू नदीच्या काठी. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. परंपरेने जन्मसाल १२७० आणि समाधी १३५०. इथे महाराष्ट्रातल्या वारकऱ्यांबरोबर पंजाबातले शीख यात्रेकरूही येतात, कारण गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे नामदेवांचं मोठं स्थान. २०१५ चं ८८ वं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं, आठवत असेल.

इथे थोडं थांबून माझ्या विषयाकडे येते. औंढा तालुक्यातच, दुधाळा गावाच्या परिसरात, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. गुरुत्वीय लहरी पकडणारी, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांना मान्यता दिली. पहिली गुरुत्वीय लहर १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत सापडली. तिथे दोन वेधशाळा आहेत, लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड, एकमेकींपासून सुमारे ३००० किलोमीटर लांब. दोघींनी तीच लहर सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने नोंदवली. एवढं अंतर कापायला प्रकाशाला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे फरक त्याच्या आतला, बसणारा. एकाच वेधशाळेत ती दिसली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. तिथून ट्रक गेला असेल, जमीन हलली असेल. पण लिव्हिंगस्टनचा ट्रक हॅनफर्डला हलवू शकत नाही.

दोन साक्षीदार जुळले, एवढं पुरत नाही. ते एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. माझ्या लॅबमध्येही हेच. एक्सआरडीवरून क्रिस्टलाइटचा आकार काढून नेला की गाईड विचारतात, "टीईएम कुठंय?"

आता नामदेवांच्या कथेला हीच कसोटी लावा. देऊळ फिरल्याची कथा फक्त औंढ्यात आहे का? नाही. गुरु ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या एका पदातही ती आहे : जातीमुळे देवळातून उठवलं गेलेला भक्त मागे जाऊन बसतो आणि देऊळ त्याच्याकडे फिरतं. हा ग्रंथ पहिल्यांदा १६०४ मध्ये गुरु अर्जनदेवांच्या काळात संकलित झाला. म्हणजे ही कथा किमान १६०४ इतकी जुनी आहे आणि तेव्हा ती पंजाबापर्यंत पोचलेली होती. हे आपण ठामपणे लिहू शकतो.

पण त्या पदात औंढ्याचं नाव नाही. म्हणजे 'कथा जुनी आहे' हे सिद्ध झालं, 'ती इथेच घडली' हे नाही. शिवाय हे साक्षीदार लायगोच्या दोन वेधशाळांइतके स्वतंत्रही नाहीत. भक्त प्रवास करत होते, पदं त्यांच्याबरोबर जात होती, दोन्हीकडची कथा एकाच उगमाची असणार. आणि खुद्द जन्मगावाबद्दलही जुन्या लेखनात मतभेद आहेत. कोणी कराडजवळच्या गावाचं नाव घेतलं, कोणी पंढरपूरचं.

मग हाती काय उरलं? पुष्कळ. देऊळ शारीरिकदृष्ट्या फिरलं की नाही, हा प्रश्न सोडून द्या. एका शिंप्याला देवाच्या दारातून उठवलं गेलं, ही आठवण मराठीत आणि पंजाबीत, दोन्हीकडे शतकानुशतकं जपली गेली. लोकांनी ती विसरायला नकार दिला. ख्रिश्चन नोवेत्स्की या अभ्यासकाने २००८ मध्ये नामदेवांवर जे पुस्तक लिहिलं त्याचा विषयच मुळी ही सार्वजनिक स्मृती आहे. 'हे घडलं का?' याचं उत्तर मिळत नसेल, तर 'हे कोणी, का आणि कसं लक्षात ठेवलं?' हाही पूर्ण वाढलेला संशोधनप्रश्न असतो. तुमच्या प्रस्तावासाठी लिहून ठेवा.

तिसरा दिवस : हिंगोलीची छावणी

हिंगोली शहरात इंग्रजी अंमलाच्या काळात निजामाच्या 'हैदराबाद कंटिन्जंट' फौजेचं ठाणं होतं. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात मिसळली, तोपर्यंत हिंगोली ही छावणी होती.

या छावणीची एक गोष्ट जगभर पोचली. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्याने १८३९ मध्ये लंडनमध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी छापली आणि ती प्रचंड गाजली. कादंबरी कल्पित आहे, पण तिच्या प्रस्तावनेत टेलर हिंगोलीची हकीकत खरी म्हणून सांगतो. छावणीत हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलर आणि इतर अधिकारी त्याच्याशी व्यवहार करायचे. त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. वाटेत एका दुसऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसकट मारलं, त्याचंच कापड त्या परवान्यावर छावणीत आणलं आणि उघड विकलं. पकडल्यावर त्याने हे स्वतः कबूल केलं. टेलर पुढे लिहितो की छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसं मारली गेली होती, आणि माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेली प्रेतांची खड्डे उकरताना तो स्वतः हजर होता.

वाचताना अंगावर काटा येतो. आता काटा बाजूला ठेवून वही उघडा आणि या एकाच परिच्छेदाचे थर वेगळे करा, औंढ्याच्या भिंतीसारखे.

पहिला थर : जमिनीत प्रेतं सापडली. टेलर प्रत्यक्षदर्शी. भक्कम.

दुसरा थर : ती हरीसिंगाच्या टोळीने मारलेल्यांची होती. हे माफीच्या साक्षीदारांनी सांगितलं. जागा त्यांनीच दाखवल्या, म्हणजे त्यांना माहिती होतीच. पण कोणी मारलं, कोण सोबत होतं, हे सांगण्यात त्यांचा जीव अडकलेला होता. नावं दिली तर फाशी टळत होती.

तिसरा थर : हरीसिंगाने हे गंमत म्हणून अभिमानाने सांगितलं. कैदेतल्या माणसाचा सूर, ऐकणाऱ्याच्या आणि कादंबरीकाराच्या लेखणीतून आलेला. कमजोर.

चौथा थर : हे सगळे ठग म्हणजे भवानीची भक्ती करणारा, देशभर पसरलेला, वंशपरंपरेने खून करणारा एकच पंथ. हे विल्यम स्लीमनचं आणि त्याच्या खात्याचं प्रतिपादन. हे निरीक्षण नाहीच, हा निष्कर्ष आहे.

इतिहासकारांचा वाद नेमका दुसऱ्या आणि चौथ्या थरात आहे. किम वॅग्नर यांनी २००७ च्या पुस्तकात मांडलं की वाटसरूंना फसवून मारणाऱ्या टोळ्या खऱ्या होत्या, पण अखिल भारतीय धार्मिक पंथ ही बरीचशी इंग्रजांनी रंगवलेली प्रतिमा. आणि कायदा बघा. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमानुसार विशिष्ट खून सिद्ध करायची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप, आणि तेही कायदा होण्याआधीच्या काळासाठीसुद्धा. 'टोळीत होता' हे कशावरून ठरायचं? बहुतेक वेळा माफीच्या साक्षीदारांवरून. एका खात्याने पकडलेले, त्याच खात्याने विचारलेले, जीव वाचवायला बोलणारे दहा साक्षीदार. हे दहा साक्षीदार म्हणजे एकाच खोलीत ठेवलेली दहा यंत्रं. ट्रक गेला की सगळी हलणार.

या माफीच्या साक्षीदारांना सोडलं मात्र नाही. जबलपूरला त्यांना आणि त्यांच्या मुलांना एका उद्योगशाळेत ठेवलं. तिथे ते गालिचे विणायचे आणि तंबू शिवायचे.

तंबू आणि पाल

स्लीमनच्या १८३६ च्या पुस्तकात ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी आहेत. गुन्हा रक्तातून उतरतो ही कल्पना त्या कागदांवर आकार घेत होती. पुढे १८७१ मध्ये 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट' आला आणि संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या जाऊ लागल्या. हजेरी, परवान्याशिवाय प्रवास बंद, मुक्काम पोलिसांना कळवायचा. हा कायदा स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. मराठवाड्यातल्याच लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलंत का? १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मकथन मी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला 'वाचलं'च्या रकान्यासाठी सुचवते. कारण पोलिसांच्या कागदात ज्यांचं फक्त नाव असतं, त्यांच्यातला एक माणूस इथे स्वतः बोलतो.

आता आमच्या दुसऱ्या रात्रीबद्दल. दहाच्या सुमारास दोन माणसं बॅटरी घेऊन बांधावरून आली. "कोण हाय तिकडं?" बाबा उठले. शेतमालकाचं नाव सांगितलं, आमचं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. लगेच आवाज बदलला. "मग बसा की, पाव्हणं. आम्हाला वाटलं, ते रस्त्याकडचे पालवाले इकडं सरकले." सकाळी त्यांच्यातलाच एक जण आजीसाठी तांब्याभर दूध घेऊन आला. माणसं वाईट नव्हती. पण आमची झडती आडनावाने संपली, हे मी वहीत लिहिलं.

रस्त्याकडेला खरंच चार-पाच पालं होती. एसटीतून जाताना भाच्याने बोट दाखवून विचारलं, "मावशी, ते पण कॅम्पिंगला आलेत का?" त्यांच्याकडेही बांबू होते, ताडपत्री होती, तीन दगडांची चूल होती. आमच्यात आणि त्यांच्यात सामानाचा फरक जवळपास नव्हता. आजी हळूच म्हणाली, "आपल्याला परत जायला घर हाय, राजा."

मुद्दा मी भावनेचा करत नाहीये, पद्धतीचा करतेय. औंढ्यात 'कोणी पाडलं' हे पुराव्याशिवाय लिहिलं तर एका वाक्याची चूक होईल. माफीच्या साक्षीवर वंशावळ रचली तर तिची किंमत ज्यांनी काही केलं नाही अशा माणसांच्या नातवंडांना मोजावी लागते. साधन कोणी निर्माण केलं, कोणत्या दबावाखाली, कोणाच्या फायद्यासाठी, हे प्रश्न परीक्षेत चार मार्कांचे असतात. बाहेर त्यांची किंमत वेगळी आहे.

तुमच्यासाठी काम

हिंगोलीलाच या असं नाही, आलात तर आनंदच. पण तुमच्या तालुक्यात एक जुनं देऊळ किंवा मशीद, एक संताचं किंवा पीराचं ठिकाण आणि एक जुनं ठाणं, गढी किंवा बाजार नक्की असेल. घरच्यांना घेऊन जा. म्हाताऱ्या माणसांना 'ऐकलं'च्या रकान्यात फार माहिती असते आणि लहान मुलांना 'पाहिलं'च्या. दोघांनाही बोलू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. शिल्पांवर हळद-कुंकू किंवा तेल लावू नका, शिलालेखात खडू भरू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

परत आल्यावर तीन कामं करा.

१. 'ऐकलं'मधलं एक वाक्य घ्या आणि ते सिद्ध करायला किंवा खोडायला नेमका कोणता पुरावा लागेल ते लिहा. पुरावा मिळाला नाही तरी चालेल, कोणता लागेल हे कळलं पाहिजे.

२. जुळणारी दोन साधनं शोधा आणि ती एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत ते तपासा. दुसऱ्याने पहिल्यावरूनच उतरवलं असेल तर ती दोन नाहीत, एकच.

३. तुमच्या पानांत ज्या माणसांबद्दल लिहिलंय पण ज्यांचा स्वतःचा शब्द एकही नाही, त्यांची यादी करा. आमच्या वहीत त्या यादीत पहिली ओळ पालातल्या लोकांची आहे. तीन दिवसांत आम्ही औंढ्याच्या दगडांशी बोललो, टेलरशी बोललो, पण रस्ता ओलांडून त्यांच्याकडे कोणीच गेलो नाही. पुढच्या थंडीत भाचा पुन्हा येणार म्हणतोय. तेव्हा सुरुवात तिथून करायची, असं आमचं ठरलंय.

तुमच्या वहीतलं पान मला पाठवा. पुढच्या लेखात त्यातलीच दोन-तीन घेऊन संशोधनप्रश्न कसा आखायचा ते पाहू.